अकरा घरं, एक स्वयंपाकघर : ट्रस्ट करावा की सोसायटी?

रानजाई

नमस्कार मंडळी. सहा वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

आम्ही अकरा घरं आहोत. कॉलेजपासूनचे मित्रमैत्रिणी आणि त्यांचे जोडीदार. सात जोडपी, चार एकटे, अशी अठरा डोकी. सगळे ५५ ते ६६ च्या मधले. वाईच्या अलीकडे एक एन.ए. (बिगरशेती) प्लॉट बघून ठेवलाय. छोटी छोटी अकरा घरं, प्रत्येकाचं दार वेगळं, पण स्वयंपाकघर एकच. एक मोठी पडवी, पाहुण्यांसाठी दोन खोल्या, एक सामायिक गाडी. वृद्धाश्रम म्हणू नका, आमच्यातले तिघे अजून नोकरी करतात.

प्रत्येक घर ३५ लाख घालणार. जमीन-बांधकाम होऊन चाळीसेक लाख उरतील, ते ठेवीत ठेवायचे.

आता अडलंय ते असं. आमचा एक मित्र म्हणतो, "आपल्याला कुठे नफा कमवायचाय? सरळ ट्रस्ट करू. ना नफा म्हटलं की कर नाही. वर ३५ लाख देणगी दाखवू, ८०जीची पावती घेऊ, म्हणजे प्रत्येकाला करात सूट." बाकीचे सगळे खूश. मी बँकेत ३१ वर्षं काढली आहेत, त्यामुळे इतकं गोड काही ऐकलं की मला आधी घाम फुटतो. कुणी जाणकार आहे का इथे?

चहाटळ

भांडी कोण घासणार यावर आधी ठराव मंजूर करून घ्या. कराचं नंतर बघू.

खतावणी

रानजाईताई, घाम फुटला ते बरं झालं. मी ठाण्यात सीए आहे. मोठ्ठा प्रतिसाद होईल, चहा घेऊन बसा. (१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा कायदा लागू होऊन कलमांचे आकडे बदललेत. मी जुनेच लिहितो, कारण सगळ्यांच्या तोंडात तेच आहेत.)

तुमच्या मित्राने दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्या आहेत. "नफा कमवत नाही" ही एक गोष्ट आणि "धर्मादाय आहे" ही दुसरी. कर माफ होतो तो दुसरीला. कायद्यात धर्मादाय हेतूंची यादी आहे : गरिबांना साहाय्य, शिक्षण, योग, वैद्यकीय मदत, पर्यावरण, वारशाचं जतन आणि सर्वसाधारण लोकोपयोगाचं इतर काम. अठरा मित्रांनी स्वतःसाठी घरं बांधून एकत्र जेवणं यातल्या कशात बसवणार? लोकोपयोग म्हणायला आधी "लोक" लागतात. तुम्ही अठरा म्हणजे लोक नाही, तुम्ही गोतावळा.

समजा कसंबसं १२एबीचं, म्हणजे प्राप्तिकर खात्याकडच्या धर्मादाय नोंदणीचं, प्रमाणपत्र मिळवलंत, तरी कलम १३(१)(सी) दारात उभं आहे. संस्थापक, विश्वस्त, मोठे देणगीदार किंवा त्यांचे नातेवाईक यांना ट्रस्टच्या उत्पन्नाचा, मालमत्तेचा फायदा मिळाला की सवलतीला कात्री. तुमच्याकडे संस्थापकही तुम्ही, विश्वस्तही तुम्ही, देणगीदारही तुम्ही आणि खोलीत झोपणारेही तुम्हीच.

देणगीचं तर बोलूच नका. ३५ लाख दिल्याशिवाय घर मिळत नसेल तर ती देणगी नव्हे, ती किंमत. एका हाताने ८०जीची पावती आणि दुसऱ्या हाताने घराची चावी, हे प्रकरण तपासणीत गेलं तर अकराही घरांना नोटीस.

आता चांगली बातमी. तुम्हाला धर्मादाय होण्याची गरजच नाही. प्राप्तिकरात परस्परतेचं तत्त्व म्हणून एक जुनी गोष्ट आहे. साधा अर्थ असा की माणूस स्वतःशी व्यापार करून नफा मिळवू शकत नाही. या खिशातले पैसे त्या खिशात घातले तर उत्पन्न कुठलं? वर्गणी देणारे आणि तिचा लाभ घेणारे तेच असतील, तर वर्षाअखेरीस शिल्लक उरलेल्या पैशावरही कर नाही. गृहनिर्माण सोसायट्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये व्यंकटेश प्रिमायसेसच्या निकालात हे स्वच्छ सांगितलंय. ट्रान्सफर फी, बिनभोगवटा शुल्क (स्वतः न राहता घर भाड्याने दिलं की लागतं ते), सामायिक सोयींचा निधी, सगळं परस्परतेत धरलं.

तेव्हा सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवा आणि निवांत राहा. निवांत म्हणजे तसं अगदी निवांत नाही, ते पुढे लिहितो. क्लायंट आलाय.

गिरगावकर

खतावणी येईपर्यंत थोडं अवांतर. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ ची आहे. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी ती उभी केली. ताडदेवची तालमकीवाडी त्यांच्याच नावाची. कारवार-मंगळूरकडून मुंबईत नोकरीला आलेल्या लोकांना परवडेल असं घर हवं होतं. दान नको होतं आणि घरमालकाची मेहेरबानीही नको होती. ट्रस्ट म्हणजे कुणीतरी कुणालातरी देणं, सहकार म्हणजे आपणच आपल्याला देणं. फरक शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांना बरोबर कळत होता.

देवराई

खतावणी यांच्याशी कराच्या बाबतीत वाद नाही, पण ट्रस्टला इतकं हसण्यावारी नेऊ नका. दोन्ही बाजू घरात पाहिल्यात.

माझी आत्या कोकणात अशाच एका मंडळीत राहायची. नाव लिहीत नाही. तिथली वास्तू सार्वजनिक ट्रस्टची. आत्याने आयुष्याची पुंजी तिथे घातली होती. ती गेल्यावर आतेभावाने "आईचे पैसे परत द्या" म्हणून दोन वर्षं खेटे घातले. मिळणार कुठून? तिची तिथे मालकी नव्हतीच. विकून टाका म्हणावं, तर ट्रस्टची जागा विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्याचं कलम ३६. आणि उद्या ट्रस्ट बंद पडला तरी मालमत्ता तशाच हेतूच्या दुसऱ्या संस्थेकडे जाते, घरी येत नाही.

आतेभाऊ अजून शिव्या घालतो. पण मला विचाराल तर आत्याला हेच हवं होतं. आज तिथे बंगल्यांची स्कीम झालेली नाही, ती या कलम ३६ मुळे. आजूबाजूच्या सगळ्या वाड्या गेल्या.

औंधकर

@देवराई, सहमत. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिल वसाहतीचं तसंच आहे ना? तिथे राहणारा घराचा मालक नसतो. १९८८ च्या स्वतंत्र कायद्याने जमीन आणि मालमत्ता ऑरोव्हिल फाउंडेशनकडे आहे. मी तीन महिने राहून आलोय. मालकी नसली की माणसं छान वागतात असा माझा समज होता. तो काही तसाच राहिला नाही, पण तो वेगळा धागा.

खतावणी

आलो. देवराई यांचा मुद्दा मान्य. जमीन कायमची बाजारातून काढून घ्यायची असेल तर ट्रस्ट हे हत्यार आहेच. पण मग ते कर वाचवण्यासाठी नाही, कर भरून करायचं काम आहे. रानजाईताईंच्या मित्राला दोन्ही हवंय.

आता मूळ हिशेब. लोक ठेवीच्या व्याजावरच्या कराचा विचार करतात, खरा पैसा दुसरीकडे आहे. ताई, तुमच्यातले किती जण पुण्या-मुंबईतला फ्लॅट विकून हे ३५ लाख आणणार आहेत?

रानजाई

अकरापैकी सात. मीही त्यातलीच.

खतावणी

मग हे सातही जणांना वाचून दाखवा. जुना फ्लॅट विकून झालेला दीर्घकालीन नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतवला तर कलम ५४ खाली तेवढ्यापुरता कर लागत नाही. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत विकत घेतलं तर, बांधलं तर तीन वर्षांत. सहकारी सोसायटीकडून मिळालेलं घर "बांधलेलं" धरण्याची सोय १९९३ च्या परिपत्रक क्रमांक ६७२ ने आहे. शिवाय कलम २७ म्हणतं की सोसायटीने सभासदाला दिलेल्या घराचा मालक, कराच्या दृष्टीने, तो सभासद. जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर असली तरी.

म्हणजे तुमचे ३५ लाख सोसायटीत गेले तर ते घरातली गुंतवणूक. फ्लॅटवर नफा ६० लाख झाला असेल तर त्यातले ३५ लाख सुटले. साडेबारा टक्क्यांनी ४,३७,५०० रुपये वाचले, उपकर वेगळा. तेच ३५ लाख ट्रस्टला "देणगी" दिलेत, तर घर तुमचं नाही, कलम ५४ नाही, हे चार लाख सदतीस हजार खिशातून. सात जणांचे मिळून तीस लाखांवर जातात. आणि ज्या ८०जीसाठी हे केलं ती टिकणार नाही.

कर्ज काढणाऱ्यांनाही तेच. जुन्या करप्रणालीत असाल तर राहत्या घराच्या कर्जाचं २ लाखांपर्यंतचं व्याज वजा होतं, पण घर तुमचं असेल तर.

चहाटळ

ट्रस्टवाल्या मित्राला भांडी घासायला लावा. ठराव मंजूर.

पोटोमॅककाठची

व्हर्जिनियाहून लिहितेय. रानजाई, आमच्याकडे तुमच्या मित्राच्या डोक्यातलं चित्र खरंच कायद्यात आहे, फक्त त्याची किंमत त्याला झेपणार नाही.

आमच्या राज्यात लुइझा काउंटीत ट्विन ओक्स म्हणून वसाहत आहे, १९६७ पासूनची. शंभराच्या आसपास माणसं. झोपाळे विणणं, टोफू करणं यावर उभी राहिलेली. सगळ्यांचं उत्पन्न एकाच तिजोरीत. कपड्यांचंसुद्धा एक सामायिक कपाट आहे, हवा तो सदरा घ्या, धुऊन परत ठेवा. मी बघून आले, आमच्या ह्यांना दाखवला नाही, नाहीतर आमच्याकडेही हे सुरू झालं असतं.

त्यांच्यासाठी अमेरिकन करकायद्यात ५०१(डी) नावाचं छोटंसं कलम आहे, १९३६ साली आलेलं. सामायिक तिजोरी असलेल्या धार्मिक मंडळींसाठी केलेलं. कर खातं म्हणालं की या लोकांनी दारिद्र्याचं व्रत घेतलेलं नाही, तेव्हा यांना हे लागू नाही. प्रकरण टॅक्स कोर्टात गेलं आणि १९८६ साली वसाहत जिंकली. पण मेख पुढे आहे. संस्थेला कर नाही म्हणजे कुणालाच नाही असं नव्हे. वर्षाचं उत्पन्न सभासदांत समान वाटलं असं धरतात आणि प्रत्येकाने आपला वाटा आपल्या विवरणपत्रात दाखवायचा, हातात दमडी पडलेली नसली तरी. वाटा फार छोटा असतो म्हणून कर फारसा बसत नाही, एवढंच.

आणि मी राहते ती साधी घरमालकांची संघटना. तिला कलम ५२८. सभासदांच्या वर्गणीवर कर नाही, बँकेच्या व्याजावर सरसकट ३० टक्के. खतावणी सांगतायत त्याचंच सख्खं भावंड.

रानजाई

@पोटोमॅककाठची, कपाटाचं वाचून आमच्या ग्रुपवर दंगा झाला. एकीने लगेच कुणाचे कुर्ते तिला हवेत त्याची यादी पाठवली.

आमच्यातला एक जण न्यू जर्सीला असतो, अमेरिकन नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड आहे. त्याचं काय?

खतावणी

ट्रस्टच्या विरोधात आणखी एक कारण तुम्हीच दिलंत. परदेशी नागरिकाकडून, मग तो मूळचा सदाशिव पेठेतला का असेना, ट्रस्टने देणगी घेतली की ती विदेशी देणगी. विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली एफसीआरए नोंदणी लागते, ती नव्या ट्रस्टला सहजी मिळत नाही. सोसायटीत त्याने घराची किंमत म्हणून बँकेच्या रीतसर मार्गाने पैसे आणले तर तो प्रश्न उरत नाही. ओसीआय माणूस राहतं घर घेऊ शकतो. शेतजमीन नाही. म्हणून सातबारा आणि एन.ए.चा आदेश दोन्ही नीट वाचा. तशीही महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, तुमच्यातले दहाही अडकतील.

कोषाध्यक्ष_नाइलाजाने

आमच्या २८ फ्लॅटच्या सोसायटीचा खजिनदार. सभेला उशिरा पोचलो म्हणून झालो. खतावणींनी "निवांत" म्हटलंय त्यावर माझा आक्षेप नोंदवून घ्या.

एक. परस्परता वगैरे ठीक, पण बँकेतल्या एफडीचं व्याज त्यात बसत नाही. बँक तुमची सभासद नाही, ती बाहेरची. आमच्या आधीच्या कमिटीने सात वर्षं "सोसायटीला कर नसतो" म्हणत विवरणपत्रच भरलं नव्हतं. बँक टीडीएस कापत होती, कापलेले पैसे कुणी मागितले नाहीत आणि उरलेला कर कुणी भरला नाही. मी आलो आणि पहिल्याच महिन्यात नोटीस. जुन्या सेक्रेटरींनी नोटिशीवर चहाचा कप ठेवला होता, तो डाग अजून फाइलमध्ये आहे.

दोन. रंगकामाचं ९ लाखांचं बिल. कंत्राटदार एकटा माणूस, म्हणून १ टक्का टीडीएस, ९,००० रुपये. कापले, वेळेत भरले. पण त्याचं तिमाही विवरणपत्र द्यायचं असतं हे माहीत नव्हतं. चार महिने उशीर. दिवसाला २०० रुपये. कायद्याची कृपा म्हणजे हे शुल्क टीडीएसच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही, म्हणून ९,००० वर थांबलं. सर्वसाधारण सभेत एका आजोबांनी विचारलं, हे ९,००० कुणाच्या खिशातून? अजून वाद चालू आहे.

तेव्हा रानजाईताई, टॅन क्रमांक (टीडीएस कापणाऱ्याला लागतो तो) पहिल्या दिवशी काढा. तुमच्याकडे तर बांधकामाचा ठेकेदारच आहे.

रानजाई

बाप रे. आमच्या चाळीस लाखांवर मग किती कर बसेल? राष्ट्रीयीकृत बँकेत सात टक्के धरले तर २,८०,००० व्याज.

खतावणी

सहकारी संस्थेला माणसासारखी मूळ सूट नसते. पहिल्या १०,००० वर १० टक्के, पुढच्या १०,००० वर २०, वरच्या सगळ्यावर ३०. म्हणजे १,००० अधिक २,००० अधिक ७८,०००. एकूण ८१,०००, चार टक्के उपकर धरून ८४,२४०. दुसरा मार्ग कलम ११५बीएडी : २२ टक्के, अधिभार आणि उपकर मिळून २५.१६८. म्हणजे ७०,४७० रुपये. पण तो निवडला की ८०पी वगैरे वजावटी गेल्या आणि पुन्हा मागे फिरता येत नाही.

८०पी म्हणजे काय, तर सोसायटीने पैसे दुसऱ्या सहकारी संस्थेत ठेवले, तर त्या व्याजाची पूर्ण वजावट, ८०पी(२)(डी). सहकारी बँक "सहकारी संस्था" धरायची का यावर खातं वर्षानुवर्षं भांडतंय. मुंबईच्या न्यायाधिकरणाने बऱ्याचदा सोसायट्यांच्या बाजूने निर्णय दिलाय. पण ही वजावट विवरणपत्र मुदतीत भरलं तरच. तुमचं सहकार कायद्याखाली लेखापरीक्षण होतं म्हणून मुदत ३१ ऑक्टोबर. १ नोव्हेंबरला गेलात की वजावट शून्य. कोषाध्यक्षांनी सांगितलेल्या सात वर्षांची खरी किंमत ती.

आणि हो, सोसायटीऐवजी अपार्टमेंट कायद्याखाली संघटना केलीत तर परस्परता मिळते, ८०पी मिळत नाही. ते फक्त सहकारी संस्थेला.

कोषाध्यक्ष_नाइलाजाने

८०पीच्या लोभाने सगळे पैसे एकाच सहकारी बँकेत ठेवू नका हेही लिहा की. आमचे सिंकिंग फंडाचे (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेले) १४ लाख एका सहकारी बँकेत होते आणि तिच्यावर निर्बंध आले. ठेव विमा ५ लाखांचा. २८ कुटुंबांचे पैसे असले तरी विम्याच्या लेखी आम्ही एकच ठेवीदार. लिफ्ट बंद पडली तेव्हा घरटी वर्गणी काढावी लागली. ७० हजार कर वाचवायला चाळीस लाख टांगणीला लावायचे का, तुम्ही ठरवा.

खतावणी

पूर्ण सहमत. क्लायंटला हे तोंडी सांगतो, इथे लिहायला विसरलो.

मिसळण

एक बाळबोध प्रश्न. जीएसटीचं काय? आमच्या सोसायटीत ७,५०० चा आकडा सारखा ऐकते.

खतावणी

बाळबोध नाही, सगळ्यात किचकट तोच आहे. गंमत बघा. प्राप्तिकरात तुम्ही आणि तुमची सोसायटी एकच, म्हणून वर्गणीवर कर नाही. जीएसटीत तुम्ही दोघं वेगळे. २०१९ मध्ये कलकत्ता क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विक्रीकर-सेवाकराच्या बाबतीतही परस्परता मानली. मग सरकारने २०२१ मध्ये जीएसटी कायद्यात दुरुस्ती करून, तीही १ जुलै २०१७ पासून मागे नेऊन, सभासद आणि संस्था वेगळे ठरवले. केरळ उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती २०२५ मध्ये घटनाबाह्य ठरवली. तुम्ही मात्र दुरुस्ती लागू आहे असं समजूनच हिशेब करा, कोर्टकचेरीसाठी अकरा घरं पुरणार नाहीत.

नियम असा : मेंटेनन्स दरमहा सभासदामागे ७,५०० पर्यंत माफ. त्यावर गेलं आणि वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर असेल, तर १८ टक्के. दोन्ही अटी लागतात. ताई, तुमचं महिन्याचं गणित काय?

रानजाई

मेंटेनन्स घरटी ७,०००. जेवण माणशी ४,५००, अठरा माणसं.

मिसळण

मेंटेनन्स ११ × ७,००० × १२ = ९,२४,०००. जेवण १८ × ४,५०० × १२ = ९,७२,०००. बेरीज १८,९६,०००. वीस लाखांच्या आत! ताई, पेढे.

खतावणी

पेढे थांबवा. जीएसटीच्या उलाढालीत माफ असलेल्या गोष्टीही धरतात. ठेवीचं व्याज माफ आहे, पण बेरजेत येतं. अधिक २,८०,०००. झाले २१,७६,०००.

मिसळण

🙈

चहाटळ

म्हणजे वरणभातावर जीएसटी लागणार तो एफडीमुळे. धन्य आहे.

खतावणी

लागू नये असं वाटत असेल तर स्वयंपाकघर सोसायटीच्या वहीत आणूच नका. मेंटेनन्सच्या माफीत जेवण घुसडायचा प्रयत्नही नको, ते मान्य होईल याची खात्री नाही. महिन्याला ज्याची पाळी त्याने वर्गणी गोळा करायची, किराणा आणायचा, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार द्यायचा, महिनाअखेर हिशेब भिंतीवर लावायचा. पूर्वी नोकरदार पोरं खोली घेऊन राहायची आणि मेस चालवायची, तसं. सोसायटीने फक्त जागा द्यायची. मग सोसायटीची उलाढाल उरते ९,२४,००० आणि व्याज. विषय संपला.

पाहुण्यांच्या दोन खोल्या : तुमचा भाचा आला आणि तुम्ही सभासद म्हणून रोजचे ५०० भरलेत, तर तो तुमचा आपापसातला व्यवहार. महाबळेश्वरला जाणाऱ्या पर्यटकांना ॲपवरून दिल्यात तर ते बाहेरचं उत्पन्न, त्यावर प्राप्तिकर आहे आणि बेरजेतही येईल. दिवाळीत भाव चांगला मिळतो म्हणून मोह होईल, आधीच सांगून ठेवतो.

देवराई

वृद्धाश्रमाला जीएसटी माफ आहे असं ऐकलं होतं?

खतावणी

आहे. साठीच्या वरच्या रहिवाशांसाठी, राहणं-जेवण धरून माणशी महिना २५,००० पर्यंत. पण चालवणारी संस्था १२एबीची नोंदणीकृत धर्मादाय हवी. म्हणजे फिरून पुन्हा पहिल्या प्रतिसादावर. आणि रानजाईताईंच्या गटात साठीच्या आतलेही आहेत.

रानजाई

काल सगळ्यांना झूमवर बसवून धागा वाचून दाखवला. कलम ५४ चा आकडा आला तेव्हा सातही चेहरे एकदम पडद्याजवळ आले. नऊ घरं सोसायटीच्या बाजूने. एक "तुम्ही ठरवाल ते". आणि आमचा मित्र गप्प. फोनही उचलत नाहीये.

अकरावे_घर

मी तो मित्र. इथे खातं उघडायला अर्धा तास लागला.

ताईंनी (म्हणजे आमच्या रानजाईने, आम्ही तिला वेगळंच काहीतरी म्हणतो) माझं बोलणं बरोबर लिहिलंय. ८०जीचं मी बोललो होतो, ते चूक होतं, कळलं. पण मला ट्रस्ट हवा होता तो त्यासाठी नव्हताच. ते मी त्यांना पटावं म्हणून म्हटलं. मला मुलं नाहीत. बाकी दहा घरांपैकी नऊ घरांत आहेत, आणि ती चांगली आहेत, माझ्या मांडीवर वाढलीत. पण आम्ही एकेक करत गेलो की ती परदेशातून येणार, चार दिवसांत किल्ली दलालाला देणार आणि जाणार. शेवटी जो उरेल त्याच्या शेजारी शनिवार-रविवारचे पार्टीवाले. शेवटी मी उरलो तर? देवराई यांच्या आत्याच्या जागेसारखं काहीतरी हवं होतं, विकताच न येणारं. खतावणी साहेब, सोसायटीत याला उत्तर आहे का?

खतावणी

साहेब नको हो. पूर्ण उत्तर नाही, अर्धं आहे.

जमीन आणि घरं दोन्ही सोसायटीच्या मालकीची ठेवा, सभासदाकडे शेअर्स आणि राहण्याचा हक्क. गावदेवीची जुनी सोसायटी वर आलीच आहे. हस्तांतरण सोसायटीमार्फतच होतं. पण सोसायटीचं दार सहकार कायद्यात उघडं असतं, योग्य खरेदीदाराला कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. ट्रान्सफर फी लावून अडवाल तर तिला २५,००० ची कमाल मर्यादा आहे. तेव्हा अकराही घरांनी आपापसात लेखी करार करा : विकायचं झालं तर पहिला हक्क उरलेल्या घरांचा, किंमत कशी ठरवायची तेही आताच. तो वारसांनाही बांधेल असा लिहायचा, त्यासाठी मालमत्तेचा वकील गाठा, सीए नको. त्या चाळीस लाखांतला काही भाग याच कामासाठी बाजूला ठेवा, म्हणजे हक्क नुसता कागदावर राहणार नाही.

आणि ज्यांना मागे कुणी नाही त्यांनी मृत्युपत्र करा, नुसतं नामनिर्देशन पुरत नाही. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. तुम्ही तुमचं घर एखाद्या खऱ्याखुऱ्या धर्मादाय ट्रस्टला ठेवू शकता. तेव्हा मात्र ती देणगीच असेल.

अकरावे_घर

वकील वाईचा बघू की पुण्याचा? आणि करार प्लॉटच्या खरेदीखताआधी करायचा की नंतर? इसार पुढच्या गुरुवारी द्यायचा आहे.

खतावणी

आधी. संस्था नोंदणीपूर्व असताना मुख्य प्रवर्तक (नोंदणी होईपर्यंत सगळ्यांच्या वतीने व्यवहार बघणारा) कोण, खरेदीखत कुणाच्या नावे, हे ठरल्याशिवाय इसारही देऊ नका. अकरा जणांच्या नावे घेऊन नंतर सोसायटीला दिलीत तर मुद्रांक शुल्क दोनदा पडेल. गुरुवार पुढे ढकला. मालक प्लॉट घेऊन पळणार नाही.

रानजाई

ढकलला. मालकाला फोन यानेच केला.